स्वस्तातली मोपेड आणि न उतरलेला बोजा

जुनी मोपेड घेताना आपल्याकडची माणसे किक मारून पाहतात, टायर दाबून पाहतात, एक चक्कर मारून येतात आणि कागदांचा विषय पैसे मोजून झाल्यावर काढतात. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी जी फसवणूक झाली, ती विक्रेत्याने हा क्रम नेमका हेरून केली. बारावीनंतर मुलामुलींना पहिली गाडी घेऊन देण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी हे सगळे आधी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाची बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तिच्याकडे शिकाऊ परवानाही होता. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडे जाणारी एसटी निघून गेलेली असे, म्हणून सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर भाऊजींनी जुनी मोपेड घ्यायचे ठरवले. आठवडी बाजाराच्या कडेला जुन्या गाड्या रांगेने लावून विकणाऱ्या एका माणसाकडे टीव्हीएसची 2022 सालची एक्सएल 100 ही मोपेड होती. मागणी 28,000 रुपयांची होती आणि सौदा 24,000 ला ठरला. इतक्या अलीकडची गाडी इतक्या कमी किमतीत का, या प्रश्नावर त्याचे उत्तर तयार होते: मालकाला पैशाची नड आहे.

गाडी वरून चकचकीत होती. सीटचे कव्हर नवे, मुठी नव्या, काळा रंग ताजा. एक्सएलची मागची सीट काढता येते आणि तिच्याखालचा पत्रा गाडीचे खरे आयुष्य सांगतो. आमच्या गाडीच्या त्या पत्र्यावर नव्या रंगाच्या खाली दुधाच्या कॅनच्या बुडाचा गोल घासा स्पष्ट उमटलेला होता आणि कॅरिअरचा एक सांधा वेल्डिंग करून वर रंग फासलेला होता. मीटर मात्र 9,000 किलोमीटरच्या आसपास दाखवत होते. रोज दोन वेळा दुधाचे कॅन वाहणारी गाडी एवढीच चालली असेल, यावर विश्वास बसणे कठीण आहे. आम्ही पोचलो तेव्हा सायलेन्सर कोमट होता, म्हणजे इंजिन आधीच तापवून ठेवले होते. थंड इंजिन एका किकमध्ये सुरू होते की नाही, हे ग्राहकाला कळू नये यासाठीची ही जुनी युक्ती आहे. या गोष्टींवर बोट ठेवून भाऊजींनी भाव कमी करून घेतला. विक्रेत्याने तो फारशी घासाघीस न करता केला, आणि त्याचे कारण पुढे कळले.

कागद म्हणून त्याने आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची, लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली. मूळ स्मार्ट कार्ड नाव बदलण्यासाठी एजंटकडे दिले आहे, असे सांगितले. "कागदं सारे पक्के हायेत भाऊ, आठ दिसात पोरीच्या नावावर करून देतो, तुमाले आर्टिओत येयाचंबी काम नाई," हे त्याचे शब्द. सोबत एक मुद्रांक कागद, त्यावर नोटरीचा शिक्का आणि कुणाची तरी सही. खेड्यात स्टॅम्प पेपर दिसला की व्यवहार पक्का झाला असे मानतात. पण अशा कराराने गाडी कुणाच्याही नावावर होत नाही. नाव बदलते ते परिवहन कार्यालयात (आरटीओत), नमुना 29 आणि नमुना 30 हे मालकी बदलाचे अर्ज भरून. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत ही सूचना द्यायची असते. विकणारा म्हणजे ज्याचे नाव आरसीवर आहे तो. रांगेत गाड्या लावून बसलेला माणूस नव्हे.

यानंतर जे झाले ते मला सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटते. भाऊजी नाव बदलण्याविषयी फोन करत आणि तो माणूस प्रत्येक वेळी बोलणे दुरुस्तीकडे वळवी: पोरीची गाडी आहे, आधी ब्रेक शू बदला, चेन ढिली आहे, चेन सेट टाका, मागचा टायर गुळगुळीत झाला आहे. यातला एकही सल्ला खोटा नव्हता. मुलीच्या सुरक्षिततेसाठी हे खर्च करायचेच होते, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. दोन्ही ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, क्लच आणि एक चांगले हेल्मेट असे करत आणखी साडेसात हजार रुपये गाडीवर गेले. तालुक्याच्या मेकॅनिकने बिल देताना एकच विचारले, "गाडी नावावर झाली काय?" तो प्रश्न आम्हाला विक्रीच्या दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता.

संक्रांतीच्या सुमारास वित्त कंपनीची वसुलीची माणसे गावात आली. गाडी कर्जावर घेतलेली होती, हप्ते थकले होते आणि आरसीवर कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच होती. झेरॉक्सवर नेमकी ती ओळ कागद लावून झाकलेली होती. मूळ मालक वाशीम जिल्ह्यातला निघाला. त्याला फोन लावला तेव्हा कळले की उरलेले हप्ते मी भरतो असे सांगून विक्रेत्याने त्याच्याकडूनही गाडी नेली होती आणि एकही हप्ता भरला नव्हता. वसुलीच्या माणसांकडे कंपनीचे अधिकारपत्र होते, आम्ही ते वाचून घेतले. गाडी गेली, नवा टायर आणि नवी चेन यांच्यासह गेली. सोडवायची तर थकबाकी गाडीच्या किमतीहून जास्त होती.

शेत घेताना सातबारा काढून इतर हक्कातला बोजा पाहिल्याशिवाय आपण इसारसुद्धा देत नाही. गाडीचा बोजाही तितक्याच सहज पाहता येतो. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडी वित्तसंस्थेकडे तारण आहे का, हे मोबाईलवर दिसते. थकलेले ई-चलानही क्रमांकावरून कळते. कर्ज फिटले असेल तर कंपनीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना 35 विक्रेत्याकडे असलेच पाहिजेत. चौकटीवर कोरलेला चेसिस क्रमांक मूळ आरसीशी अंकाअंकाने जुळवून पाहावा, आणि मूळ मालकाशी समोरासमोर बोलणे झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमच्या गाडीचा विमाही संपलेला होता. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड आहे, पण खरा धोका अपघाताचा, कारण समोरच्याची भरपाई मग घरातूनच द्यावी लागते.

बाजारातल्या त्याच रांगेत अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना "लुनाले लायसन लागत नाही" (लुना म्हणजे आपल्याकडे कुठलीही मोपेड) असे सांगितले जात होते, ते मी स्वतः ऐकले. हे धादांत खोटे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला पालकांच्या संमतीने परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी, आणि एक्सएल 100 चे इंजिन 99.7 सीसीचे आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही. परवाना लागत नाही तो फक्त 250 वॅटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरहून कमी वेगाच्या विजेच्या गाड्यांना.

विक्रेत्याला सगळे पैसे रोख हवे होते. भाऊजींनी 14,000 रोख दिले आणि 10,000 यूपीआयने पाठवले. आज आमच्या हातातला खणखणीत पुरावा तेवढाच आहे. तो, झेरॉक्स आणि मूळ मालकाचा लेखी जबाब जोडून पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज तयार होत आहे. तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तो माणूस अजून दर बाजाराला गाड्या लावतो. अशाच बिननावाच्या गाड्या घेतलेली आणखी काही कुटुंबे आसपासच्या गावांत असतील. त्यांनी पैसे दिल्याचा पुरावा, फोनवरचे संदेश आणि दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत, गाडीचा बोजा आजच तपासावा आणि तो निघाला तर वसुलीची माणसे दारात येण्याची वाट न पाहता आपल्या नावाने वेगळी तक्रार नोंदवावी.