कलकत्त्याची कबरस्तान फेरी : माणशी 900 रुपये

जानेवारीत कलकत्त्याला गेलो होतो, तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर ही पायी फेरी बुक केली. माणशी 900 रुपये, साडेतीन तास, तीन कबरस्तानं आणि शेवटी नाश्ता. फेरीवाल्यांचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रार आहे, आणि गाईड पोरगा स्वभावाने गोड होता.

आमच्या हिला मुळीच यायचं नव्हतं. "लोक सुट्टीत दक्षिणेश्वरला जातात," एवढंच म्हणाली. पण पत्रकात एक ओळ होती: हिंदुस्थानात इन्कम टॅक्स आणणाऱ्या स्कॉटिश बँकर जेम्स विल्सनची कबर. मी सांगलीत 34 वर्षं लोकांची रिटर्नं भरली. ज्याच्या जिवावर घरची चूल पेटली, मुलांची शिक्षणं झाली, त्याला एकदा बघून यावं म्हटलं.

सुरुवात साउथ पार्क स्ट्रीटच्या कबरस्तानापासून. हा भाग उत्तम. संस्कृतचा पंडित विल्यम जोन्सचा तो उंच मनोरा, कवी डेरोझिओची कबर, शेवाळलेले घुमट, सगळं पोराला तोंडपाठ. इथेच फेरी संपली असती तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मग रिक्षा करून कराया रोडच्या स्कॉटिश कबरस्तानात नेलं. 1820 चं हे. तागाच्या गिरण्यांसाठी आलेली स्कॉटलंडातल्या डंडीकडची माणसं इथे शेकड्यांनी पुरलेली आहेत. दगडांवर गावाचं नाव सारखं दिसतं. गाईड प्रत्येक दगड वाचत पुढे, आम्ही सहाजण मागे, गुडघाभर गवत, पायमोजे दवाने चिंब. चाळीस मिनिटं झाली. साहेब काही सापडेना. शेवटी मीच विचारलं, "बेटा, विल्सनलाच शोधतोयस ना?" म्हणाला, "हां अंकल, स्कॉटिश था ना, तो यहीं होगा."

जेम्स विल्सन तिथे नाहीच. तो आहे मलिक बाजारपाशी, लोअर सर्क्युलर रोडच्या कबरस्तानात. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत तिथेच. विल्सनची ही कबरही लोक विसरले होते. 2007 च्या सुमाराला इन्कम टॅक्स खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने ती हुडकून काढली. खात्याची नजर कशी असते हे मी जन्मभर पाहिलंय, त्यामुळे नवल वाटलं नाही. तिथे गेल्यावर फाटकावरच्या दरवानाला नाव सांगितलं तर लगेच म्हणाला, "इनकम टॅक्सवाला?" आणि बोट दाखवलं. गाईड खजील. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

कबरीपाशी त्याच्याजवळ सांगण्यासारखं दोनच वाक्यांचं होतं: टॅक्स आणला, वारला. मग मीच बोलायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं, पण सवय.

हॉइक नावाचं स्कॉटलंडच्या सीमेवरचं लोकरीचं गाव. 1805 चा जन्म, क्वेकर पंथाचं घर, बापाचा लोकरीचा कारखाना, भावंडं पंधरा. पोराला टोप्या बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं, मग थोरल्या भावाबरोबर टोप्यांचा धंदा, मग लंडन. 1832 मध्ये एलिझाबेथ प्रेस्टनशी लग्न. आणि 1837 मध्ये निळीच्या भावावर सट्टा खेळून जवळजवळ सगळं घालवून बसला. पण देणेकऱ्यांना बुडवलं नाही. याच माणसाने पुढे 1843 मध्ये 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढलं, आणि 1853 मध्ये सनद मिळवून चार्टर्ड बँक उभी केली. 1858 मध्ये बँकेच्या शाखा उघडल्या त्या कलकत्ता, मुंबई आणि शांघायला. आजच्या स्टँडर्ड चार्टर्डमधला 'चार्टर्ड' तो हाच. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीच्या दिवसांत मी मुंबईच्या फोर्टातल्या त्या बँकेच्या जुन्या इमारतीत चेक भरायला जायचो आणि पंखा चांगला आहे म्हणून उगाच रेंगाळायचो. त्या पंख्याचं मूळ हॉइकच्या टोपीवाल्यापर्यंत जातं हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

1857 च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी, कर्ज डोक्यावर. म्हणून 1859 मध्ये याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखातं सांभाळायला पाठवलं. वय 54. नोव्हेंबरअखेर कलकत्त्यात उतरला तेव्हा बंगालात नीळ पिकवणाऱ्या रयतेचा उठाव पेटलेला. ज्या निळीने लंडनमध्ये याला लोळवलं, तीच इथे दारात उभी.

18 फेब्रुवारी 1860 चं बजेट. वर्षाला 200 रुपयांच्या वर मिळकत असेल तर 2 टक्के, 500 च्या वर 4 टक्के. आधाराला चक्क मनुस्मृती काढली! राजाला कर घ्यायचा हक्क आहे, तुमच्याच मनूने सांगितलंय, म्हणे. (क्लायंटचं तोंड बंद करायला मी असे दाखले फार दिलेत, कौतुक वाटलं.) मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन उघड विरोधात गेला, तर त्यालाच परत बोलावलं.

एवढं झाल्यावर आमची ही पहिल्यांदा बोलली. "घरचं कोण होतं बरोबर?"

सहा मुली, मुलगा नाही. थोरली एलायझा. तिचं लग्न 1858 मध्ये वॉल्टर बॅजेटशी झालं. तोही बँकवाल्या घरातला. सासऱ्यानंतर 'इकॉनॉमिस्ट' त्यानेच चालवलं. ती दोघं विलायतेत राहिली. बायको आणि काही मुली इकडे आल्या. उन्हाळा आला तशी साहेबलोकांची डोंगराकडे पळापळ सुरू झाली. हा कलकत्त्यातच बसला, कारण कायदा पुरा व्हायचा होता. जुलैच्या 24 तारखेला कायदा झाला. पावसाळ्यात हगवण लागली, आणि 11 ऑगस्टला संपला. उतरल्यापासून साडेआठ महिने. तो कर 1865 मध्ये उठलाही, मग पुन्हा आला तो वेगळा. कागदी नोटांची याची योजना 1861 मध्ये कायदा झाली, ती पाहायला हा नव्हता.

मुलींपैकी एमिली बॅरिंग्टन. तिने बापाचं चरित्र छापलं 1927 मध्ये, म्हणजे तो गेल्यावर 67 वर्षांनी, स्वतः पंच्याऐंशी ओलांडल्यावर.

ही कबरीकडे बघत राहिली. मग पर्समधून पाण्याची बाटली काढून मला दिली. "बोलून घसा सुकला असेल. आणि तू मार्च एंडला जेवायचं विसरतोस ना, तसाच दिसतोय हा." बरोबरची चेन्नईची दोघं हसली. गाईड मात्र मोबाईलवर सगळं टिपून घेत होता. पुढच्या गिऱ्हाइकांना माझीच गोष्ट 900 रुपयांना ऐकायला मिळणार, हे लक्षात ठेवा.

नाश्ता झकास: गरम कचोऱ्या, आलूची भाजी, मातीच्या भांड्यात चहा. स्वच्छतागृहाची सोय तिन्ही ठिकाणी मिळून एकच, तीही कुलपात. डासांचं मलम न्या, बंद बूट घाला, आणि बुक करताना विल्सन कुठल्या कबरस्तानात आहे हे त्यांना आधी विचारा. पाचपैकी तीन. चौथा मार्क पावतीपायी गेला. दोघांचे 1800 रुपये देऊन बिल मागितलं, तर पोराने वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून दिला. जीएसटी नंबर विचारला. म्हणाला, "अंकल, कच्चा चलेगा ना?"