स्टील ग्रे ग्रॅनाइटचा किचन कट्टा: दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही स्वयंपाकाच्या कट्ट्याला स्टील ग्रे ग्रॅनाइट बसवला. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. दोन वेळचा स्वयंपाक, रविवारचं मटण, उन्हाळ्यातली वर्षभराची चटणी, दिवाळीचा फराळ, सगळं त्याच्यावर झालं. स्टील ग्रे घेतला याचं समाधान आहेच, पण जेट ब्लॅक, म्हणजे एकसारखा काळा ग्रॅनाइट, घेतला नाही याचं जास्त आहे.

कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या आमच्या घरात पूर्वी कडाप्प्याचा कट्टा होता. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की तिथली चकाकी जाते. वर्षानुवर्षं हेच होऊन कट्टा पांढुरका, खडबडीत झाला होता. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌ज आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात, लिंबाच्या रसाने त्याला काही होत नाही. घराचं काम काढलं तेव्हा एवढं एकच नक्की होतं, की या वेळी ग्रॅनाइट. कोणता, हे ठरवायला मात्र बरीच दुकानं हिंडलो.

आपल्याकडे सगळा काळा बसाल्ट, ग्रॅनाइट येतो तो बाहेरून. इलकलचा लालसर दगड त्यातल्या त्यात जवळचा. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, स्टील ग्रेही त्याच ओंगोल भागातला, टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरकडचा. राजस्थानचे फिके रंग तर दुकानात रांगेने उभे असतात. जाईल तिथे एकच सल्ला मिळायचा, "वैनी, काळाच घ्या डोळं झाकून, डाग म्हणून दिसायचा न्हाई." काळ्यावर डाग दिसत नाही हे अर्धं खरं. तेला-हळदीचा दिसत नाही. पिठाचा, पाण्याचा आणि बोटांचा मात्र लगेच दिसतो.

हे मी ठामपणे सांगते कारण दुकानातून तीन तुकडे मागून घरी आणले होते: एक जेट ब्लॅक, एक स्टील ग्रे, एक पांढरा, त्यात बारीक लालसर ठिपके. कटिंगच्या जागी असे तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतात. तिन्हींवर मिसळीच्या कटाचं वरचं तेल, ओली हळद आणि लिंबाची फोड ठेवून रात्रभर तसंच सोडलं. सकाळी भांड्याच्या साबणाने धुतलं. काळा आणि स्टील ग्रे स्वच्छ निघाले. पांढऱ्यावर तेलाची सावली राहिली, बोटाने चाचपली तर काहीच लागेना, म्हणजे तेल वर नव्हतं, आत मुरलं होतं. मग तिन्ही तुकडे नळाखाली धरले आणि न पुसता वाळू दिले. आमच्याकडे वापराला बोअरचं पाणी आहे, जड. जेट ब्लॅकवर प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं उमटलं. स्टील ग्रेवर कडी पडली असणारच, पण त्याच्या करड्या-काळ्या दाण्यांत ती हरवून गेली. निर्णय तिथेच झाला.

काळा घेणार असाल तर आणखी एक तपासा. काही फिक्या दगडांना रंग देऊन काळं करून विकतात. पांढऱ्या कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून दगड घासा, कापूस काळा झाला तर तो दगड नको. कापलेली कड आणि पाठ पण बघा, वरून कोळशासारखा आणि कडेला राखाडी असेल तर समजून जा. चीर शोधायची असेल तर लादीवर पाणी ओतून ते वाळताना बघत थांबा, चिरेची रेघ सगळ्यात शेवटी वाळते. जाडी तोंडी विचारू नका, टेप लावा. 20 एमएम म्हणून दाखवतात, आमचा 18 भरला आणि कट्ट्याला तो पुरतो, कारण खाली अखंड कडाप्पा आहे.

भावाचं गणित थोडक्यात: दर चौरस फुटाचा असतो, पण पैसे बहुतेक अख्ख्या लादीचे लागतात. कट्टा 10 बाय 2 म्हणजे 20 चौरस फूट झाला, तरी लादी 9 बाय 3 असेल तर 27 फुटांचे पैसे, आणि लांबीला तुकडा जोडावा लागणार तो वेगळाच. उरलेल्या पट्ट्या सोडू नका. आमचा मागच्या दाराचा उंबरा आणि खिडकीची खालची पट्टी त्यातच निघाली. कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, सिंक आणि शेगडीचं कटिंग नगावर, हे आधी लिहून घ्या.

माझ्या मते दगडाच्या नावापेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. सिंकच्या पुढे उरणारी पट्टी ही कट्ट्याची सगळ्यात नाजूक जागा, ती निदान 3 इंच ठेवा. शेगडीसाठी कापलेल्या चौकोनाचे कोपरे आतून गोल करून घ्या, काटकोनात कापले की चीर तिथूनच सुरू होते. पुढे आलेल्या कडेला खालच्या बाजूने बारीक खाच मारून घेतली की ओघळलेलं पाणी तिथेच थेंब होऊन पडतं, ट्रॉलीच्या प्लायपर्यंत जात नाही. आमच्या मिस्त्रींनी हे तिन्ही नीट केलं.

बिघडला तो सांधा. एल आकाराच्या कट्ट्याचा कोपऱ्यातला जोड त्यांनी व्हाइट सिमेंटने भरला. मी एपॉक्सी, म्हणजे पाणी न शोषणारा राळेचा भराव, म्हटलं होतं, "ह्येच चालतंय" म्हणाले. पहिला गणपती यायच्या आत ती रेघ हळदीने पिवळी झाली, आणि साबणाचं पाणी लागलं की लाल दिसायची, कारण सोड्या-साबणाशी हळद लालच होते. कितीही घासा, जाईना. शेवटी दुसऱ्या माणसाकडून तो सांधा खरवडून राखाडी एपॉक्सीने भरून घेतला. त्यानंतर तिथे एक डाग नाही. टाइल आणि कट्ट्यामधल्या फटीतही सिलिकॉन भरून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते.

रोजच्या वापरात खरी परीक्षा चटणीच्या दिवसांत झाली. डंकावरून कुटून आणलेला मसाला परातीत कालवला, परातीच्या बुडाला तेल लागलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि ती रात्रभर कट्ट्यावर राहिली. सकाळी सासूबाईंनी उचलली तर खाली चांगला जाड लाल गोल. साबणाच्या फडक्याने दोनदा पुसला आणि गेला. पांढरा दगड असता तर तो गोल जन्माचा सोबती झाला असता. गरम कुकर मी थेट ठेवते, काही झालेलं नाही. रश्श्याचं मोठं पातेलं मात्र सिंकशेजारी ठेवत नाही, कारण गार पाणी सांडलेल्या जागेवर एकदम उष्णता लागली तर कटिंगच्या कोपऱ्याला चीर जाऊ शकते. खलबत्ता खाली भिंतीचा आधार असलेल्या जागी, घडी केलेल्या फडक्यावर. क्वार्ट्‌जच्या कारखान्यात तयार केलेल्या लाद्यांमध्ये राळ असते, गरम भांड्याने ती करपते. आमच्यासारख्या स्वयंपाकाच्या घरात मी त्या लाद्या सुचवणार नाही.

नळाच्या बुडाशी बोअरच्या पाण्याचा थर साचतो. त्यासाठी ॲसिड वापरू नका. जुनं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडलं की थर पापडीसारखा सुटतो, ग्रॅनाइट पोलादी ब्लेडपेक्षा कठीण असल्याने ओरखडा येत नाही. बसवताना सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू न देणारा लेप, लावला होता. मधूनमधून पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटं बघते. शेगडीकडे थेंब तसेच उभे राहतात, सिंकशेजारी आता दगड थोडा गडद होतो, म्हणजे तिथे पुन्हा एक हात लावायची वेळ आली.

बाथरूमसाठी विचारत असाल तर इचलकरंजीला माझ्या नणंदेकडे बेसिनखाली तो लाल ठिपक्यांचा पांढरा बसवलाय. दिसतो सुंदर. पण ते ठिपके गार्नेटचे, त्यात लोह असतं, आणि सतत ओल राहिली की त्यांच्याभोवती गंजासारखे पिवळे डाग येतात. नळाभोवती तसे डाग आलेत, आणि ते दगडातूनच येत असल्याने घासून जाणारे नाहीत. आरशाजवळची कोरडी बाजू अजून नव्यासारखी आहे. तिने नळाकडचा तेवढा तुकडा बदलायचं ठरवलंय, आणि आमच्याकडे उरलेली स्टील ग्रेची शेवटची पट्टी त्या मापात बसते.