मलाब्रिगो रिओस: उठावदार काऊलसाठी लोकर झकास, छटा मात्र जपून घ्या

क्रोशाच्या काऊलला, म्हणजे डोक्यातून घालायच्या बंद गोल गळपट्ट्याला, उठाव येतो तो सावलीमुळे. एक खांब, म्हणजे डबल क्रोशेचा उंच टाका, पुढे आला, शेजारचा मागे गेला, की मधल्या खाचेत सावली पडते आणि नक्षी डोळ्यांत भरते. हाताने रंगवलेल्या लोकरीत रंगच जागोजाग गडद-फिका असतो. म्हणजे तिच्यात आधीच खोट्या सावल्या आहेत. दोन्हींचं जमलं तर काऊल देखणा होतो. नाही जमलं तर पाच हात लांबून तो नुसता ठिपक्यांचा पट्टा दिसतो आणि इतके पुढून-मागून खांब घातले कशाला, असं वाटतं. या कसोटीवर रिओस लोकर म्हणून चांगल्या गुणांनी पास होते. तिच्या सगळ्या छटा पास होत नाहीत.

मलाब्रिगो ही उरुग्वेची कंपनी, २००५ साली सुरू झालेली. रिओस म्हणजे शंभर टक्के सुपरवॉश (मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली) मेरिनो मेंढीची लोकर, वर्स्टेड म्हणजे मध्यम जाडीची, १०० ग्रॅमच्या लडीत १९२ मीटर. याच कंपनीची ‘वर्स्टेड’ नावाची लोकरही बहुतेक तेवढ्याच लांबीची आणि वजनाची असते, म्हणून दोन्हींत गल्लत होते. ती एकपदरी आहे आणि सुपरवॉश नाही. हाताला ती जास्त मऊ लागते हे खरं, पण गळ्याशी सतत घासणाऱ्या कपड्यावर एकपदरी लोकरीच्या गोळ्या लवकर धरतात, आणि दोनदा उसवली की धागा पिंजल्यासारखा होतो. रिओसचे पदर एकमेकांवर पिळलेले असल्याने धागा गोल राहतो. गोल धाग्याचा टाका उभा राहतो, चपट्या धाग्याचा बसतो. उठावासाठी रिओस घ्यायचं मुख्य कारण हेच.

पदर सुटायची तक्रार क्रोशात नेहमीची. तिचा अर्धा दोष सुईचा असतो. खूप टोकदार सुई पदरांच्या मधे घुसते. टोक जरा बोथट आणि खाच खोल असलेली सुई घेतली की रिओस मुकाट्याने वागते. पुढून खांब घालताना सुई टाक्याच्या डोक्यात न जाता अख्ख्या खांबाला वळसा घालून येते, त्यामुळे या नक्षीत पदर सुटणं आणखी कमी होतं.

आता नमुना. घट्ट उठाव हवा तर वॉफलसारखी चौकोनी खणांची वीण या लोकरीत सगळ्यांत खुलते. ५.५ मिमी सुईवर १० सेंमीत साधारण १४ खांब बसतात असं धरलं, तर ६० सेंमी घेराला ८४ खांब लागतात, आणि ८४ ला ३ ने भाग जातो, जे या विणीला हवंच. पहिली फेरी सगळी साध्या खांबांची. दुसऱ्या फेरीत एक पुढून खांब, दोन साधे खांब, असं शेवटपर्यंत. तिसऱ्या फेरीत पुढून खांबावर पुन्हा पुढूनच खांब, आणि दोन साध्या खांबांभोवती मागून खांब, म्हणजे तोच वळसा, पण मागच्या बाजूने. पुढे याच दोन फेऱ्या आलटून पालटून. मागून खांब टाक्याचं डोकं पुढे ढकलतो, त्यातून आडवी कड तयार होते. पुढून खांबांची उभी कड होते. मधे खण राहतो. काम उलटवायचं नाही, सुलट बाजू कायम समोर. खण चपटे दिसायला लागले तर बहुतेक वेळा चूक एकच असते: तिसऱ्या फेरीत मागून खांबांच्या जागी साधे खांब पडलेले असतात.

सुरुवातीची साखळी ६ मिमी सुईने घाला. साखळीला खांबाएवढा ताण मिळत नाही; त्याच सुईने घातली तर खालची कड आवळते आणि काऊल घंटेसारखा दिसतो. साखळी गोल जोडण्याआधी सपाट पसरून पीळ पडलेला नाही ना ते बघा. पाचव्या फेरीत कळलं तर उसवण्याशिवाय इलाज नाही.

इथे सुपरवॉशची खोड सांगायला हवी. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल्या लोकरीत ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमदा होतो. सुपरवॉशच्या प्रक्रियेत हे खवले झिजवतात किंवा त्यांच्यावर लेप देतात. त्यामुळे कपडा मशीनमध्ये चालतो, रंगही भरभरून चढतो. पण एकमेकांना धरून ठेवणारं काही न उरल्याने भिजल्यावर टाके सैल पडतात आणि काऊल वाढतो. म्हणून १५ सेंमीचा चौकोन विणून, वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, पंचात दाबून, आडवा वाळवून मगच मोजा. धुण्याआधी १० सेंमीत १४ असलेले खांब धुतल्यावर १३ भरले, तर ८४ खांबांचा घेर ६० नाही, जवळपास ६५ सेंमी होतो. अशा वेळी ७८ खांबांवर काम सुरू करा. पाच सेंमीने काय बिघडतं, असं वाटेल. गळ्यापासून सुटलेला काऊल थंडी अडवत नाही, एवढंच बिघडतं.

एका लडीत किती होईल? पुढून-मागून खांब लोकर खातात. ६० सेंमी घेराला एका लडीत उंची १८ ते २० सेंमी धरावी. नाकापर्यंत ओढायचा किंवा दोन वेढ्यांचा काऊल हवा असेल तर दोन लड्या. अंदाजावर राहू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडा ठेवा. चार फेऱ्यांना किती ग्रॅम गेले ते कळलं की उरलेल्या लोकरीत किती फेऱ्या बसतील याचा हिशेब मिनिटाचा. शेवटच्या फेरीसाठी आणि धाग्याच्या टोकासाठी पाच-सहा ग्रॅम राखून ठेवा.

दोन लड्या घेतल्या की रंगाचा प्रश्न सुरू. अशी लोकर भांड्यात थोडी-थोडी रंगवतात. एकाच नावाच्या दोन लड्या शेजारी ठेवल्या तर एक गडद, एक पिवळसर, असं निघू शकतं. तो दोष नाही, हाताने रंगवण्याचा स्वभाव आहे. म्हणून दोन्ही लड्या एकाच वेळी, दिवसाच्या उजेडात शेजारी धरून निवडा, आणि दर दोन फेऱ्यांनी गुंडा बदला. न वापरलेला धागा जोडाच्या जागी आतल्या बाजूने सैलसर वर न्यायचा. ताणला तर काऊलला उभी सुरकुती पडते. एक लडी संपवून दुसरी लावली, तर काऊलच्या मधोमध सरळ पट्टा दिसेल, आणि तो धुऊन जात नाही.

छटेबद्दल. एका रंगाच्या थोड्या चढ-उताराची लडी वॉफलला उत्तम: खणांत खोली दिसते, तरी कडा ठळक राहतात. तीन-चार वेगळ्या रंगांची लडी असेल तर मोबाइलवर तिचा काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत लडी एकसारखी राखाडी दिसली तर बिनधास्त घ्या, रंग कितीही भडक असोत. पांढरे आणि काळे पट्टे वेगवेगळे दिसले तर उठावाची नक्षी तिच्यावर वाया जाणार. अगदी काळपट जांभळा, गडद निळा, यांत उलटी गंमत होते: सावली दिसायला उजेडच उरत नाही. मध्यम छटा घ्या.

तरीही ठिपकेदार लडीच आवडली असेल तर वीण बदला. एक मुका खांब, म्हणजे सिंगल क्रोशे, एक साखळी, आणि पुढच्या फेरीत साखळीखालच्या जागेत मुका खांब. ही वीण रंगांना बारीक तुकड्यांत मिसळते, हाताला हलका खरखरीत पोतही देते आणि लोकर कमी खाते. रंगांचे डाग एकाच जागी गोळा होत असतील तर फेरीचा घेर लडीतल्या रंगाच्या फेऱ्याशी जुळलाय असं समजा. सुई अर्धा मिमी बदला किंवा टाके कमी-जास्त करा, डाग सरकतात.

लडी उघडतानाची घाई सगळ्यांत महाग पडते. पीळ सोडून लडी खुर्चीच्या पाठीवर चढवा, बांधलेले सगळे दोरे मोजा, मगच कापा, आणि गुंडा सैल वळा. घट्ट गुंड्यात लोकर ताणलेली राहते. विणताना ती ताणलेली असते, धुतल्यावर आपल्या जागी येते, आणि माप चुकतं.

गडद छटांतून रंग सुटणं हातरंगाच्या कुठल्याही लोकरीत होऊ शकतं. ओला पांढरा कपडा धाग्यावर दाबून ओढा. डाग पडला तर विणण्याआधीच लडी थंड पाण्यात, थेंबभर साबणाने, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्याने रंग पक्का होतो हा समज अर्धवट आहे. लोकर ज्यांनी रंगवतात त्या आम्लरंगांना आम्ल आणि उष्णता, दोन्ही लागतात. नुसत्या थंड व्हिनेगरने वास तेवढा लागतो.

टोकं खोवताना सुपरवॉश पुन्हा त्रास देते. खवलेच नसल्याने दोन टोकं ओली करून तळहातात घासली तरी जुळत नाहीत, आणि सरळ खोवलेला धागा महिन्याभरात डोकं काढतो. टोक १५ सेंमी ठेवा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, एकदा वर, असं तीन दिशांनी न्या. मागून खांबांच्या जाड कडेत ते लपून जातं.

तयार काऊलला इस्त्री लावायची नाही. दाबाने आणि वाफेने खण बसतात. मशीनमध्ये टाकायचाच तर जाळीच्या पिशवीत, थंड पाणी, हलकं चक्र. वाळत मात्र दोरीवर घालू नका. भिजलेली रिओस स्वतःच्याच वजनाने लांबते. टॉवेलवर आडवा ठेवून, बोटांनी एकेक खण वर उचलून द्या. त्यात पाचेक मिनिटं जातात, पण वाळल्यावर कडा पहिल्या दिवसासारख्या उभ्या राहतात.