लॅपटॉप मधेच हँग व्हायचा त्याचं खरं कारण काय निघालं : दिवाळी ते गणपती वापरानंतरचा अनुभव

सांगलीत मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या काही व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीचं काम मी घरून बघते, त्यासाठी दिवाळीच्या सेलमध्ये हा लॅपटॉप घेतला. १५.६ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवायची वेगवान डिस्क), विंडोज ११. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा त्रास कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपला होऊ शकतो आणि शोधायची पद्धत सगळीकडे तीच आहे. माझा लॅपटॉप आता एकदम व्यवस्थित चालतोय, पण मधले काही महिने जीव नकोसा झाला होता, आणि त्या काळात नेटवर जिथे तिथे "फॉरमॅट मारा" एवढंच वाचायला मिळालं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. कीबोर्ड खूप छान आहे, वेगळा नंबर पॅड आहे, दिवसभर व्हाउचर एन्ट्री केली तरी बोटं दुखत नाहीत. मॅट स्क्रीन असल्यामुळे खिडकीसमोर बसले तरी आकडे नीट दिसतात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल एवढ्या वापराला बॅटरी दुपारपर्यंत आरामात जाते, लाइट गेली तरी काम अडत नाही. आवाज साधारणच आहे पण मला त्याचं काही नाही.

आता मुख्य विषय. नवीन असताना ठीक चालला, मग अधूनमधून हँग व्हायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही, स्क्रीनवर जे आहे ते तसंच थांबायचं. कधी अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू व्हायचा, कधी सुरूच व्हायचा नाही, मग पॉवर बटण दाबून धरायचं आणि परत चालू करायचा. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० तारखेला ३बी (महिन्याच्या कराचं विवरण) भरायची असते हे हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहितीय, त्या दिवसांत मशीन असं थांबलं की छातीत धस्स होतं, कारण टॅलीमध्ये डेटा लिहिला जात असताना मशीन बंद पडलं तर फाइल खराब होऊ शकते आणि मग रिपेअर करत बसावं लागतं. व्यापारी फोनवर "ताई झालं का" विचारत असतात, त्यांना काय सांगणार.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे हँग झाल्या झाल्या पॉवर बटण न दाबता, नक्की काय बंद पडलंय आणि काय चालू आहे ते बघणं. कॅप्स लॉक दाबून बघायचा, त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन आतून पूर्ण मेलेलं नाही. माउस हलतो का? घड्याळ पुढे जातं का? गाणं चालू असेल तर ते चालू राहतं, बंद पडतं की एकाच जागी घरघरतं? मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं, याने ग्राफिक्स ड्रायव्हर रिसेट होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि त्यानंतर सगळं सुरू झालं तर संशय डिस्प्लेच्या ड्रायव्हरवर जातो. माझ्याकडे याने काही फरक पडला नाही. मी हे सगळं एका वहीत तारीख-वेळ टाकून लिहायला लागले, तेव्हा काय उघडं होतं, चार्जर लावलेला होता का तेही.

वहीत थोड्या नोंदी झाल्यावर लक्षात आलं की हे एक दुखणं नाहीच, दोन वेगवेगळी आहेत आणि एकमेकांत मिसळलीयत.

पहिलं होतं ते हळूहळू येणारं. टॅली, दोन-तीन मोठ्या एक्सेल शीट, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब आणि वर व्हॉट्सॲप उघडं असलं की आधी माउस अडखळायचा, मग खिडकी बदलायला वेळ लागायचा, मग सगळंच जड. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसायची. हे सरळ आहे, रॅम कमी पडली की विंडोज एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये सामान हलवत बसतं आणि त्यात वेळ जातो. सुदैवाने या मॉडेलला एक स्लॉट रिकामा होता, त्यात ८ जीबीची आणखी एक स्टिक टाकून घेतली. टाकल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ठेवलं, चार फेऱ्या पूर्ण, एकही एरर नाही. ही टेस्ट नवीन रॅम टाकल्यावर कराच, कारण खराब स्टिकमुळेसुद्धा असंच कधीही कुठेही हँग होतं. हा प्रकार तिथे संपला. आज ८ जीबीवाला लॅपटॉप अकाउंटिंगच्या कामासाठी कुणी घेत असेल तर मी सरळ सांगेन की १६ चाच घ्या किंवा स्लॉट रिकामा आहे का ते आधी दुकानदाराला विचारा, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि मग वाढवायचा मार्गच राहत नाही.

दुसरं दुखणं मात्र तसंच राहिलं आणि तेच खरं त्रासदायक होतं. ते अचानक यायचं. माउस हलायचा, गाणं चालू असलं तर थोडा वेळ चालू राहायचं, पण कशावरही क्लिक केलं की काही नाही. आणि वहीवरून एक गोष्ट एकदम स्पष्ट दिसली की हे कधी दाबून काम चालू असताना होत नव्हतं! मोठी एक्सेल फाइल उघडताना नाही, टॅलीचा बॅकअप घेताना नाही. व्हायचं कधी, तर मी फोनवर बोलत असताना, कागदावरचं बिल वाचत असताना, चहा घेऊन परत आल्यावर पहिलं क्लिक केलं की. म्हणजे मशीन निवांत बसलेलं असताना. गरम होऊन बंद पडत असेल असं घरातले सगळे म्हणत होते, भाच्याने कूलिंग पॅडसुद्धा आणून दिला, पण उष्णतेचा त्रास असता तर भर कामात झाला असता. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघितलं तर हँग व्हायच्या आधी प्रोसेसर चांगला थंड होता.

मग टास्क मॅनेजर कायम एका कोपऱ्यात उघडा ठेवायला लागले, परफॉर्मन्समध्ये डिस्कचं पान. आणि एकदा ते समोर पकडता आलं. डिस्क १०० टक्के दाखवतेय, आलेख एकदम वर चिकटलेला, आणि खाली रीड स्पीड शून्य, राइट स्पीड शून्य. शंभर टक्के कामात आहे पण काम काहीच होत नाहीये. म्हणजे विंडोजने एसएसडीकडे काहीतरी मागितलंय आणि एसएसडी उत्तरच देत नाहीये. साधारण अर्ध्या मिनिटाने आलेख धाडकन खाली आला आणि मी मधल्या काळात जेवढं क्लिक केलं होतं ते सगळं एकदम उघडलं.

लगेच इव्हेंट व्ह्यूअर (विंडोज आपल्या घडामोडी नोंदवून ठेवतं ती जागा) उघडला, विंडोज लॉग्समध्ये सिस्टीम. तिथे त्याच वेळेला इव्हेंट १२९, सोर्स स्टोरएनव्हीएमई (विंडोजचा एसएसडीसाठीचा ड्रायव्हर), मजकूर असा की डिव्हाइसला रिसेट पाठवला. मागे जाऊन वहीतल्या वेळा ताडून बघितल्या, जेव्हा जेव्हा मशीन आपोआप परत आलं होतं तेव्हा तेव्हा १२९ होता. आणि जेव्हा आलं नाही आणि मी बटणाने बंद केलं, तेव्हा फक्त इव्हेंट ४१ कर्नल-पॉवर. हा ४१ बघून बरेच जण पॉवर सप्लाय खराब आहे, चार्जर बदला असं सांगतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, ते तर आपणच बटण दाबल्यामुळे. कारण त्यात सापडत नाही. त्याच्या आधी काहीच नोंद नसते याचंही कारण साधं आहे, नोंद लिहायची ती त्याच एसएसडीवर, आणि तीच गप्प बसलेली असेल तर लिहिणार कुठे? लॉग कोरा असला तरी त्यातून काहीतरी कळतं ते असं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत "गुड" दाखवत होती आणि सर्व्हिस सेंटर यावरूनच एसएसडी ठीक आहे म्हणत होतं. पण ती टक्केवारी मुख्यतः एसएसडी किती झिजली ते सांगते, फर्मवेअरमधला (एसएसडीच्या आतल्या, ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) दोष त्यात दिसत नाही. तिथे अनसेफ शटडाउन्स म्हणून एक आकडा असतो, दर वेळी बटणाने बंद केलं की तो वाढतो, माझा चांगलाच वाढलेला होता.

आता असं का होतं ते मला जेवढं समजलंय ते सांगते. बॅटरी वाचावी म्हणून एनव्हीएमई एसएसडी काही काम नसलं की हलक्या, मग गाढ झोपेत जाते, आणि ती ज्या पीसीआय एक्सप्रेस लिंकने जोडलेली असते ती लिंकसुद्धा झोपते. काम आलं की काही मिलिसेकंदांत उठायचं असतं. फर्मवेअर, बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि ड्रायव्हर यांचं कुठेतरी जुळत नसेल तर गाढ झोपलेल्या माणसाला हाका माराव्यात आणि त्याने ओच देऊ नये तसं होतं, विंडोज वाट बघतं, वाट बघतं आणि शेवटी रिसेट पाठवतं. दाबून काम चालू असताना एसएसडीला झोपायला वेळच मिळत नाही म्हणून तेव्हा काही होत नव्हतं.

उपाय एकावेळी एकच केला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिला, कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट. बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी ऑफ केलं. (काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, दिसला नाही तर जाणकाराकडून पॉवरसीएफजी कमांडने उघडा करून घ्या.) मग पूर्ण महिना तसाच वापरला, ११ आणि २० दोन्ही तारखा गेल्या. हँग होणं खूपच कमी झालं, पूर्ण बंद नाही. म्हणजे दिशा बरोबर होती.

सर्व्हिस सेंटरला सुरुवातीला दोनदा फोन झाला होता आणि दोन्ही वेळी उत्तर तेच, मॅडम फॉरमॅट मारून देतो. मी नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. एसएफसी आणि डीआयएसएम या विंडोजच्या फाइल्स तपासणाऱ्या दोन्ही कमांड चालवून बघितल्या होत्या, विंडोजच्या फाइल्स ठणठणीत होत्या, मग फॉरमॅट कशासाठी? टॅलीचं लायसन्स, डीएससीचे (डिजिटल सहीचे) ड्रायव्हर, प्रिंटर सगळं पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले असते आणि मशीन परत तिथेच अडकलं असतं. या वेळी मी इव्हेंट १२९ चे स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानांचे फोटो ईमेलने पाठवले, फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा लेखी पाठवलं की फरक पडतो. तिसऱ्या दिवशी वरच्या इंजिनिअरचा फोन आला, त्याने पहिल्या दोन मिनिटांतच विचारलं की आयडल, म्हणजे मशीन निवांत असताना होतं का. मला इतकं बरं वाटलं! त्याने एसएसडीच्या फर्मवेअरची आणि बायोसची अपडेट सांगितली, दोन्ही कंपनीच्या सपोर्ट पानावर सिरीयल नंबर टाकून मिळाल्या. लॅपटॉपबरोबर आलेल्या एसएसडीचं फर्मवेअर बऱ्याचदा लॅपटॉप कंपनीकडूनच घ्यावं लागतं, एसएसडी बनवणाऱ्याच्या टूलमध्ये ते दिसेलच असं नाही.

अपडेट करणाऱ्यांसाठी एक अगदी महत्त्वाचं. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन (बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) बऱ्याचदा आपल्या नकळत चालू असतं आणि बायोस अपडेटनंतर मशीन ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या आणि अपडेटपुरतं बिटलॉकर सस्पेंड करा. डेटाचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, चार्जर लावा, आणि मधे लाइट जाण्याची भीती असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या.

आधी फर्मवेअर केलं, काही दिवस वापरलं, मग बायोस. फर्मवेअरनंतर आजपर्यंत एकदाही हँग झालेला नाही. मार्चएंडला झालं असतं तर माझं काय झालं असतं माहिती नाही, पण मार्चएंड शांतपणे पार पडला. नंतर मी लिंक स्टेटचं सेटिंग बॅटरीसाठी मॉडरेटवर आणलं, चार्जरवर ऑफच ठेवलंय. ऑफ ठेवलं की बॅटरी थोडी लवकर उतरते आणि तळहाताखाली किंचित कोमट लागतं, त्रास होईल इतकं नाही.

एक वेगळीच गोष्टही सापडली, ती यात मिसळू नका. चार्जर लावल्यावर टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारायचा, बॉडीला हात लावला की झिणझिण. ते घरातल्या सॉकेटला अर्थिंग नीट नसल्यामुळे होतं, वायरमन काकांनी अर्थिंग करून दिलं आणि ते थांबलं. लॅपटॉपचा त्यात काही दोष नव्हता.

कुणी विचारलंच तर लॅपटॉपला ५ पैकी ४ देईन. एक कापला तो सर्व्हिसने पहिल्या दोन फोनला नीट ऐकून घेतलं नाही म्हणून. तुम्हाला वॉरंटीत असूनही कुणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार करताना तारीख-वेळ लिहिलेल्या नोंदी हाताशी ठेवा. आणि ज्यांचं लिंक स्टेट ऑफ करून भागलंय त्यांनी विंडोजचं मोठं अपडेट झालं की ते सेटिंग एकदा उघडून बघा, पॉवर प्लॅन मूळ जागी गेला असेल तर परत ऑफ करावं लागेल. एक्सेलचा ऑटोरिकव्हर मुळात १० मिनिटांवर असतो, मी तो २ वर आणलाय आणि तो तसाच ठेवणार आहे.