कुत्र्याची नखं घासायचं यंत्र: मोत्याची परवानगी असेल तरच

यंत्र चांगलं आहे, पण खोक्यावर लिहिलंय तसं 'आवाज न करणारं' मुळीच नाही. आपल्याला नुसती गुणगुण वाटते, आमच्या मोत्याचे कान मात्र लगेच मागे जातात. आवाजापेक्षाही त्याला थरथर खुपते. ती नखातून थेट पंजात पोचते. म्हणून सुरुवातीला यंत्र बंदच ठेवलं. हुंगायचं, खाऊ घ्यायचा, संपलं. मग लांब चालू करायचं, मग जवळ, मग पंजाला नुसतं टेकवायचं. त्याने पंजा मागे घेतला की मी हात सोडते, ओढाताण नाही. आपलं ऐकलं जातं हे कळल्यावर साहेब आता स्वतःहून पंजा पुढे करतात आणि माझ्या डोळ्यांत बघत बसतात. (कुत्रा आणि मालक असे बराच वेळ एकमेकांकडे बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे आपुलकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, असं जपानी संशोधकांना २०१५ च्या अभ्यासात आढळलं होतं.)

काळ्या नखांत रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कटरपेक्षा हे बरं. थोडं थोडं घासत जायचं, मधोमध ठिपका दिसू लागला की थांबायचं. एकाच जागी टेकवून ठेवू नका, नख तापतं. पंजाचे लांब केस आधी बाजूला धरा, नाहीतर गुंडाळले जातात.

चार्जिंग ठीक. झाकण सैल, भुकटी सगळीकडे उडते. कुत्र्याला दाबून धरून पटकन उरकायचं असेल तर मात्र हे घेऊ नका.