विशेष विवाह कायद्याखालचं नोंदणी लग्न: एका माळकरी आत्याचा अनुभव

भाचीचं लग्न नुकतंच विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झालं. तीन साक्षीदारांपैकी एक मी होते. ज्यांच्या घरात असं लग्न ठरतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण बातमी नात्यात पसरली तसा जो तो एकच विचारायला लागला: "अगं, पण ते नास्तिकांचं लग्न ना?" तुम्हालाही हेच ऐकून घ्यावं लागणार आहे.

मुलगा नास्तिक आहे, हे खरं. अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करतो. अंनिसमध्ये देव मानणारेही आहेत, हा मात्र मानत नाही आणि विचारलं तर सरळ तसं सांगतो. भाची आमच्या वळणावर गेलेली, संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय पानावर बसत नाही. मी स्वतः माळकरी, आषाढीला माहेरच्या दिंडीबरोबर जमेल तेवढं चालते. होमापुढे बसून न पटणारं काही म्हणणार नाही, असं तो म्हणाला. मी देव मानत नाही असं खोटं लिहून देणार नाही, असं ती म्हणाली. दोघांचंही मला पटलं.

धास्ती होती ती दादाला. 'माझा कोणताही धर्म नाही' असं मुलीला लिहून द्यावं लागेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून लग्नाआधी विवाह अधिकाऱ्यांना जी नोटीस द्यावी लागते, तिचा नमुना मी स्वतः चष्मा लावून वाचला. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, तिथे किती काळ राहताय. एवढंच. धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही. देव मानता का, हेही कुठे विचारलेलं नाही.

पण दादाने ऐकलेलं अगदीच हवेतलं नव्हतं. १८७२ चा जो जुना कायदा होता, त्यात खरोखरच तसं जाहीर करावं लागायचं: मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुणी नाही. तो कायदा व्हावा म्हणून धडपड केली बंगालातल्या ब्राह्मो समाजाने, केशवचंद्र सेन यांच्या पुढाकाराने. ब्राह्मो म्हणजे एकच परमेश्वर मानून त्याची प्रार्थना करणारी माणसं. त्यांनाही लग्नासाठी धर्म नाकारण्याची सही करावी लागली. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांनी दुरुस्ती आणली (नागपूरला वकिली केलेले हे गृहस्थ), तेव्हा हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात लग्न करताना ती सही माफ झाली. हिंदू-मुसलमान किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडप्याला मात्र ती करावीच लागे. आत्ताच्या, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट सगळ्यांसाठीच काढून टाकली.

देव आहे का, याला जावयाचं उत्तर 'नाही' आणि माझं 'आहे'. सरकारी टेबलाने आम्हा दोघांना तो प्रश्नच विचारू नये, याला मी सेक्युलर म्हणते. १८७२ च्या कायद्याने विचारलं आणि त्याला हवं तेच उत्तर मागितलं. १९५४ चा विचारत नाही. त्यामुळे हे लग्न जेवढं जावयाचं, तेवढंच माझ्या भाचीचं आहे. आणि धर्म नाकारणारा प्रत्येक जण नास्तिक असतो असंही नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अर्जावर धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही, 'कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे. त्या खटल्यातले अर्जदार येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे होते!

आता प्रत्यक्ष सेवेविषयी.

दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिली की ती फलकावर लागते, आणि ३० दिवसांत कुणालाही हरकत घेता येते. हरकतीची कारणं ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), मानसिक सक्षमता, निषिद्ध नातं. 'आमच्या जातीचा नाही' ही हरकत होत नाही. आमचा मुलगा कायमचा राहणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून नोटिशीची प्रत तिकडच्या फलकावरही लागली. आमच्याकडे दोन्ही घरं राजी होती, निभावलं. घरच्यांच्या धाकाने जिवाच्या भीतीत असलेल्या जोडप्याचं नाव-पत्ता महिनाभर भिंतीवर लावणं मला क्रूर वाटतं. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहिरात जोडप्याच्या इच्छेवर सोडली. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

कारकुनाने भाचीला तोंडी विचारलंच, "धर्म काय, जात काय?" ती सांगायला लागली, तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, अर्जात कुठे आहे हा रकाना?" त्यावर तो गप्प बसला. पुढे पालकांचं संमतीपत्र मागितलं. तेही कायद्यात नाही. दोघं सज्ञान आहेत एवढं पुरतं.

त्याहून मला जास्त खटकली ती साहेबांच्या खुर्चीमागची भिंत. देवाचा मोठा फोटो, त्याला ताजा झेंडूचा हार, खाली उदबत्तीचं घर आणि त्याची राख फायलींवर पडलेली. वहिनी म्हणाली, "बघ, किती प्रसन्न वाटतं." मला नाही वाटलं. शेजारच्या बाकावर एक ख्रिस्ती मुलगी आपल्या हिंदू जोडीदाराबरोबर नंबराची वाट बघत होती. तिने त्या भिंतीकडे बघून काय समजायचं? जावई मलाच समजावत होता, "आत्या, जाऊ द्या, त्यांची श्रद्धा आहे." श्रद्धा त्यांची असेल, पण भिंत सरकारची आहे. साहेबांनी खिशात फोटो ठेवावा, घरी तासभर पूजा करावी, मी हात जोडीन. माझ्या पांडुरंगाला सरकारी भिंतीवरचा खिळा लागत नाही.

लग्नाचा दिवस मात्र छान गेला. अंगठे, फोटो, ओळखपत्रं झाली आणि अधिकाऱ्यांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." मग तिने तेच, पती म्हणून. दोघांनी एकमेकांना हे म्हटल्याशिवाय या कायद्याखालचं लग्न पुरं होत नाही, मंगलाष्टकं कितीही म्हणा. बाकी पद्धत तुमची. भाचीने विचारलं, "मंगळसूत्र घातलं तर चालेल?" अधिकारी म्हणाले, "तुम्हाला हवं तसं करा." जावयाने तिथेच घातलं. तिसऱ्या साक्षीदार विहीणबाई, नास्तिक आणि विधवा. आमच्याकडच्या लग्नात त्यांना बायकांनी मागे बसवलं असतं. इथे त्यांनी टेबलाशी बसून शांतपणे सही केली आणि भाचीच्या पाठीवरून हात फिरवला.

दादाची दुसरी काळजी वारशाची होती. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर वारशाला हिंदू कायदाच लागू राहतो. आपला जावई देव मानत नसला तरी कायद्याच्या लेखी हिंदूच धरला जातो, म्हणून आमच्यापुरता प्रश्न मिटला. दोघांपैकी एक जरी या चार धर्मांबाहेरचा असेल तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, त्यांनी वकिलाशी आधी बोलून घ्यावं.

कायद्याला पाचपैकी साडेचार, अर्धा फलकापायी कापला. कार्यालयाला तीन. बाहेरचे एजंट गाठतातच. त्यांच्या नादी लागू नका, सरकारी फी किरकोळ आहे आणि कागद आपले आपल्याला जमतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरका, नाहीतर पुन्हा नव्याने नोटीस द्यावी लागते. साक्षीदारांना मूळ ओळखपत्रं आणायला सांगा आणि दाखल्यावरची नावं सही करण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा, आमच्या भाचीच्या आडनावातला एक काना गेला होता.