मायक्रोसरफेसिंग: खान्देशातल्या कोणत्या रस्त्याला लागू पडतं, कोणत्याला नाही

मायक्रोसरफेसिंग म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यावर ओढलेला पातळ थर. पॉलिमर मिसळलेलं इमल्शन (पाण्यात बारीक कणांनी मिसळलेलं डांबर), क्रशरची बारीक खडी, पाणी, थोडं सिमेंट आणि सेटिंग आवरणारं रसायन, एवढंच साहित्य. मशीन चालता चालता माल कालवतं आणि 4 ते 8 मि.मी. जाडीचा थर पसरवतं. भट्टी लागत नाही, आणि काम जमलं तर तास-दीड तासात गाड्या सोडता येतात.

हा थर रस्त्याची ताकद वाढवत नाही. तो पाणी आत मुरू देत नाही, गुळगुळीत झालेल्या रस्त्याला पकड देतो आणि खालचं डांबर उन्हाने कडक होण्यापासून वाचवतो. तेवढ्यासाठी घ्या, उत्तम आहे. खचलेल्या रस्त्यावर घेतलात तर पैसे पाण्यात.

खान्देशात खरा प्रश्न काळ्या मातीचा. रावेर-यावल-चोपड्याच्या तापीकाठच्या पट्ट्यात ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. साइडपट्टीला समांतर जाणारी लांब भेग दिसली, तर ती बहुतेकदा खालच्या मातीतून आलेली असते. तिच्यावर नुसता थर ओढला तर पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उघडते. आधी गटार मोकळं करा, साइडपट्टी मुरुमाने भरून उतार बाहेर द्या. मग 3 मि.मी.हून रुंद भेगा हवेच्या झोताने साफ आणि कोरड्या करून गरम रबराइज्ड सीलंटने (रबर मिसळलेल्या डांबरी भरावाने) भरा. सीलंट भेगेत उतरायला हवं. वर पसरलेलं असेल तर ट्रकच्या चाकाला चिकटून निघतं.

चाकाच्या मार्गावर जाळीसारख्या भेगा असतील तर पावसानंतर तिथे उभं राहून बघा. ट्रक गेल्यावर भेगांतून मातकट पाणी वर येत असेल तर आतला थर सुटलेला आहे. तो भाग खोदून पॅच करण्याला पर्याय नाही. चाकोऱ्या 3 मीटरच्या सरळपट्टीने मोजा, 12 मि.मी.हून खोल असतील तर त्या आधी वेगळ्या थराने भरून घ्याव्या लागतात.

रस्ता फक्त पांढरट, कोरडा पडला असेल आणि भेगा केसासारख्या असतील, तर फॉग सील, म्हणजे खडीशिवाय इमल्शनची नुसती फवारणी, पुरे. चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर पातळ केलेलं इमल्शन लागतं. पातळ करताना इमल्शनमध्ये हळूहळू पाणी घाला, पाण्यात इमल्शन ओतू नका. जास्त मारलं तर पावसात रस्ता निसरडा होतो. सरफेस ड्रेसिंग, म्हणजे डांबर मारून त्यावर खडी दाबणं, कमी वाहतुकीच्या गावरस्त्यांना चालतं, पण धुळीने माखलेली खडी धरत नाही, आणि जास्त पडलेलं डांबर मे महिन्याच्या उन्हात वर येऊन चकाकतं.

आमच्या मते मायक्रोसरफेसिंगचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या 43-44 अंशांत इमल्शन मशीनच्या पेटीतच फुटतं (डांबर पाण्यापासून वेगळं होतं), माल गोळे धरतो आणि थरावर ओरखडे उठतात. तेव्हाच करायचं असेल तर पहाटे सुरू करा आणि रस्त्यावर आधी पाण्याची बारीक फवारणी करा. डबकं मात्र साचू देऊ नका. बोअरचं जड पाणी आणि मातकट खडीनेही इमल्शन लवकर फुटतं, म्हणून खडी, पाणी, सिमेंट आणि इमल्शन यांचा एकत्र नमुना लॅबमध्ये तपासल्याशिवाय मशीन बोलावू नका. खडीची सँड इक्विव्हॅलंट (खडी मातीपासून किती स्वच्छ आहे ते सांगणारा आकडा) किमान 50 हवी.

गाड्या सोडण्याची घाई सगळ्यात जास्त नुकसान करते. ताजा थर चॉकलेटी असतो, इमल्शन फुटलं की काळा होतो. टिपकागद दाबून बघा: तपकिरी डाग आला तर थांबा, नुसतं स्वच्छ पाणी उमटलं तर पुढे. सावलीच्या भागात, म्हणजे कडुनिंबाखाली किंवा पुलाजवळ, वेगळं तपासा; तिथे उशीर लागतो.

ठेकेदाराकडे खडीचा हिशेब मागा. 7 मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरचे 7000 चौरस मीटर. चौरस मीटरला 10 किलो धरले तर 70 टन कोरडी खडी. ट्रकच्या पावत्या 45 टनांच्याच निघाल्या तर थर पातळ पडलाय, आणि पातळ थर आधी चाकाखाली उडतो.